पोटाचं दुखणं आणि मनाची धावपळ : एकाच लेकरात दोन आजार



गेल्या पावसाळ्यात विहारातल्या आरोग्य तपासणीच्या दिवशी एक ताई नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मुलगा वयाच्या मानाने बुटका, डोळे फिकट, पोट पुढे आलेलं. पाच मिनिटांत त्याने माझी वजनकाट्याची पट्टी ओढली, दोनदा बाहेर पळाला आणि परत आला. ताई म्हणाल्या, "सिस्टर, शाळेतून रोज तक्रार येते. बाई म्हणतात, ह्याचं डोकं ठिकाणावर नसतं, मारल्याशिवाय ऐकत नाही. सासूबाई म्हणतात, नजर लागलीय. मी तर थकले."

मी विचारलं, "शी कशी होते?" ताई थोड्या लाजल्या. मग म्हणाल्या, "लहानपणापासून पातळच. जास्त आणि घाण वास येणारी. पण सगळे म्हणाले, दाताचं आहे, जंताचं आहे."

त्या मुलाला एक नाही, दोन आजार निघाले. एक पोटाचा, सिलिअॅक. दुसरा लक्ष न लागण्याचा, ज्याला डॉक्टर एडीएचडी म्हणतात. दोन्ही एकत्र असले की घर कसं चालवायचं, हा आजचा पाठ आहे. ज्यांच्या घरी असं मूल नाही त्यांनीही वाचावा. कारण शेजारच्या घरात असेल, आणि भोजनदानाच्या पंगतीत ते तुमच्या शेजारीच बसणार आहे.

आधी माझी चूक सांगते. नोकरीत असताना अशा फिकट मुलांना मी वर्षानुवर्षं लोहाचं औषध आणि जंताची गोळी देत राहिले. सहा महिन्यांनी रक्त पुन्हा तेवढंच कमी. मी आईलाच म्हणायचे, "तुम्ही नीट देत नसाल." आया नीट देत होत्या. काही लेकरांच्या आतड्यालाच ते लोह घेता येत नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला उशीर झाला.

सिलिअॅक म्हणजे काय?

कणीक भिजवली की ती चिकट होते, ताणली तरी तुटत नाही. म्हणून पोळी लाटता येते. ज्वारीच्या पिठाला तो ताण नसतो, म्हणून भाकरी थापावी लागते. हा ताण ज्या प्रथिनामुळे येतो त्याला ग्लूटेन म्हणतात. ते गव्हात असतं, जवात असतं आणि राय नावाच्या परदेशी धान्यात असतं.

आपल्या लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते. अन्नातलं सत्त्व ही लव शोषून घेते. सिलिअॅक असलेल्या माणसाच्या शरीरात ग्लूटेन गेलं की शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा चुकून आपल्याच आतड्यावर उलटते. लव झिजते, सपाट होते. मग कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही. लोह, कॅल्शियम, फॉलिक अॅसिड, ड जीवनसत्त्व, सगळं वाहून जातं.

हा आजार संसर्गाचा नाही, कुणाच्या पापाचा नाही आणि नजरेचा तर नाहीच. तो रक्ताच्या नात्यात येतो. एकाला निघाला तर आई, वडील आणि भावंडं यांचीही तपासणी करायची असते. त्यांच्यात साधारण १० पैकी एकाला तो असू शकतो.

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध कसा कळला, तेही जाणून घेण्यासारखं आहे. नेदरलँड्समध्ये विलेम-कारेल डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांना गव्हाचा संशय आधीच होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, त्या देशात पाव मिळेनासा झाला, लोक उपाशी राहिले. पण सिलिअॅकची मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी हे नोंदवून १९५० साली आपला प्रबंध मांडला. बघून, तपासून मग मान्य करायचं, ही तथागतांनी कालामांना सांगितलेली वाट विज्ञानाचीही आहे.

लक्षणं अशी : जुलाब किंवा उलट बद्धकोष्ठ, पोट फुगणं, उंची-वजन न वाढणं, औषधाने न हटणारा रक्तक्षय, तोंडात वारंवार फोड, चिडचिड, थकवा. मोठ्या मुलींची पाळी उशिरा सुरू होते. काहींना पोटाचा त्रासच नसतो, फक्त रक्त कमी असतं. त्यामुळे "शी चांगली होते, मग सिलिअॅक कसा?" असं म्हणून सोडू नका.

एडीएचडी म्हणजे काय?

प्रत्येक लेकरू मस्ती करतं. ती मस्ती म्हणजे आजार नव्हे. डॉक्टर एडीएचडी म्हणतात तेव्हा ते चार गोष्टी पाहतात. लक्षणं निदान सहा महिने टिकलेली आहेत का? ती १२ वर्षांच्या आधीपासून आहेत का? घरी आणि शाळेत, दोन्हीकडे दिसतात का? आणि त्यामुळे मुलाचं शिकणं, मैत्री, रोजचं जगणं अडतं आहे का?

काही मुलं सतत हलतात, मध्येच बोलतात, रांगेत थांबू शकत नाहीत, विचार येण्याआधी हात पुढे जातो. काही मुलं शांत बसतात, पण मन तिथे नसतं. वही विसरतात, अर्धं वाक्य लिहून सोडतात, हाक मारली तरी ऐकू येत नाही. या दुसऱ्या प्रकाराला लोक जुन्या नावाने एडीडी म्हणतात. मुलींमध्ये तो बऱ्याचदा कुणाच्या लक्षातच येत नाही. मुलगी त्रास देत नाही ना, मग "जरा मंद आहे" म्हणून ती मागच्या बाकावर जाते आणि तिथेच राहते.

जगभर साधारण १०० मुलांमागे पाच जणांना ही अडचण असते. श्रीमंताच्या घरात असते तशी आपल्याही घरात असते. फरक एवढाच की तिथे तपासणी होते, आणि आपल्या लेकरावर शिक्का बसतो. "ह्यांची मुलं अशीच" हे वाक्य मी शाळेच्या पायरीवर स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. म्हणून निदान करून घेणं हा आपल्यासाठी नुसता औषधाचा प्रश्न नाही. लेकरू शाळेत टिकणार की नाही, याचा तो प्रश्न आहे.

दोन्हींचा एकमेकांशी संबंध

इथे सावध राहायला हवं, कारण मोबाइलवर "गहू सोडा, मूल शांत होईल" असे व्हिडिओ फिरतात.

खरं असं आहे. सिलिअॅकवर उपचार झाले नाहीत तर रक्त कमी होतं, पोट दुखतं, झोप नीट लागत नाही. अशा मुलाचं लक्ष लागत नाही आणि ते चिडतं. काही मुलांत हे सगळं सिलिअॅकमुळेच असतं आणि गहू बंद झाल्यावर काही महिन्यांत लक्ष सुधारतं. काही मुलांत एडीएचडी स्वतंत्र असतो, आणि पोट बरं झालं तरी तो राहतो. आमच्या ताईंच्या मुलाचं तसंच झालं. सहा महिन्यांत वजन वाढलं, चेहऱ्यावर तेज आलं, चिडचिड कमी झाली. पण वही हरवणं आणि वर्गातून उठून जाणं चालूच राहिलं.

मात्र ज्याला सिलिअॅक नाही, त्याचा गहू बंद करून एडीएचडी बरा होतो, असं सिद्ध झालेलं नाही. उगाच अर्धी थाळी काढून घेऊ नका.

तपासणीआधी गहू बंद करू नका

हे वाक्य घरात लिहून ठेवा. सिलिअॅकसाठी आधी रक्ताची तपासणी होते. तिला टीटीजी-आयजीए म्हणतात, सोबत एकूण आयजीए पाहतात. ती सदोष आली तर पोटाचे डॉक्टर दुर्बिणीने लहान आतड्याचा बारीक तुकडा तपासायला घेतात. मूल रोज गहू खात असेल तरच या तपासण्या खरं सांगतात. आधीच गहू सोडला तर लव भरू लागते, रक्तातली खूण कमी होते आणि अहवाल चांगला येतो. मग आयुष्यभराचा आजार लपून राहतो.

एडीएचडीसाठी रक्ताची तपासणी नसते, मेंदूचा फोटोही लागत नाही. बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ आईवडिलांशी आणि शिक्षकांशी बोलून, मुलाला पाहून ठरवतात. सोबत कान, डोळे, हिमोग्लोबिन, लोहाचा साठा आणि थायरॉइड तपासून घ्यायला सांगा. ऐकूच कमी येणाऱ्या मुलाला "लक्ष देत नाही" म्हणून मारलेलं मी पाहिलं आहे.

जायचं कुठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत त्यातून तपासणी होते. त्याच्या यादीत एडीएचडी आहे, रक्तक्षय आहे. पथक आलं की मुलाला त्या दिवशी घरी ठेवू नका. पुढे पाठवण्यासाठी चिठ्ठी मागून घ्या. मनाच्या प्रश्नांसाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

ताट कसं सांभाळायचं?

सिलिअॅकवर गोळी नाही. ग्लूटेन कायमचं बंद, हाच उपचार. "थोडंसं चालेल" असं नसतं. पोट दुखलं नाही तरी आत लव झिजत असते.

बंद : गहू, मैदा, रवा, दलिया, शेवया, पाव, खारी, टोस्ट, बिस्किट, नूडल्स, जव, आणि माल्ट असलेल्या दुधात घालायच्या पावडरी.

चालेल : तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरी, राजगिरा, साबुदाणा, पोहे, कुरमुरे, सगळ्या डाळी आणि कडधान्यं, शेंगदाणे, भाज्या, फळं, अंडी, मासे, मटण, दूध, दही. सुरुवातीला आतडं कच्चं असताना काहींना दूध पचत नाही. तेव्हा डॉक्टरांना विचारा.

लपलेला गहू : बाजारातल्या बऱ्याच हिंगात मैदा असतो. भाजणीत आणि मेतकुटात गहू घालतात. सातूच्या पिठात गहू असतो. काळा सोया सॉस गव्हाचा असतो, म्हणून गाडीवरचं चायनीज नको. भजी बेसनाची असली तरी ज्या तेलात समोसा तळला त्या तेलातली नको. पाकिटावर "ग्लूटेन फ्री" लिहायचं असेल तर आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. पण ती महाग पाकिटं घ्यायची गरजच नाही.

गिरणीची गोष्ट महत्त्वाची आहे. गव्हानंतर त्याच जात्यात ज्वारी टाकली तर पहिल्या पिठात गहू येतोच. गिरणीवाल्या दादांना समजावून सांगा. तांदळाच्या दळणानंतर आपलं दळण टाका, आणि सुरुवातीचं पीठ वेगळ्या पिशवीत घेऊन घरातल्या इतरांना वापरा. मुलाची परात, चाळणी, तवा आणि पोळपाट-लाटणं वेगळं ठेवा. एवढं परवडत नसेल तर निदान चाळणी आणि लाकडी वस्तू वेगळ्या हव्यात, बाकी भांडी स्वच्छ घासून आधी त्याची भाकरी करा, मग इतरांची पोळी.

हे सांगितल्यावर त्या ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "सिस्टर, आमच्या आईने दुसऱ्याच्या वावरात राबून शिळी भाकर खाल्ली. आम्ही गव्हाची पोळी कमावली. आता पोराच्या डब्यात परत भाकर देऊ? शाळेत हसतील त्याला."

हे दुःख खरं आहे, मी ते हसण्यावारी नेणार नाही. गव्हाची पोळी आपल्या घरात प्रतिष्ठेने आली. पण भाकर तेव्हा लाचारीची होती ती दुसऱ्याने फेकलेली म्हणून. धान्यात काही कमीपणा नव्हता. आज ती आपल्या पैशांनी घेतलेली, आपण निवडलेली आहे आणि मुलाचं औषध आहे. नाचणीत कॅल्शियम भरपूर, बाजरीत लोह. डब्यात भाकरी कडक होत असेल तर पीठ उकळत्या पाण्यात उकड काढून मळा, मऊ राहते. रोज भाकरीच हवी असंही नाही : इडली, डोसा, घावन, मुगाची धिरडी, पोहे, अंडाभात आहेच.

विसरणाऱ्या लेकराला पथ्य कसं पाळायला लावायचं?

दोन्ही आजार एकत्र असले की खरी कसोटी इथे लागते. पथ्याला लक्षात ठेवावं लागतं, थांबावं लागतं, मोह आवरावा लागतो. आणि याच तीन गोष्टी या मुलाला जड जातात. त्याला नियम माहीत असतो, पण बिस्किट दिसलं की हात आधी जातो. हा हट्ट नाही. म्हणून सगळा भार त्याच्या आठवणीवर टाकू नका. घरच तसं लावा.

पहिलं, त्याच्या डब्यांना हिरवी पट्टी लावा. हिरवी पट्टी म्हणजे त्याचं, हे घरातल्या धाकट्यालाही कळलं पाहिजे.

दुसरं, बिस्किटं आणि खारी उघड्यावर ठेवू नका. त्याच्या हाताला लागेल तिथे शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, केळं, उकडलेलं अंडं ठेवा. भूक लागलेलं मूल पथ्य पाळत नाही.

तिसरं, एका वेळी एकच सूचना, जवळ जाऊन, नजरेला नजर देऊन. "हात धू, दप्तर भर, डबा घे, चप्पल घाल" यातलं त्याला पहिलं किंवा शेवटचं तेवढं राहतं. सकाळची कामं चित्रं काढून भिंतीवर लावा.

चौथं, अभ्यास १०-१५ मिनिटांचा, मग थोडं हालचाल करू द्या, मग पुन्हा. झोपायची वेळ ठरलेली, आणि त्याआधी तासभर मोबाइल बंद.

पाचवं, पथ्य पाळलं त्या दिवशी तक्त्यावर चांदणी काढा. पाच चांदण्या झाल्या की बागेत फेरी किंवा क्रिकेटचा जास्तीचा वेळ द्या. बक्षीस खाण्याचं नको.

सहावं आणि सगळ्यात मोठं : चुकून खाल्लं तर मारू नका. मार मिळाला की पुढच्या वेळी ते लपवून खाईल, आणि तुम्हाला कळणारच नाही. "सांगितलंस ते बरं केलंस" एवढं म्हणा आणि वहीत तारीख लिहा.

औषधाबद्दल

एडीएचडीसाठी आईवडिलांना दिलं जाणारं प्रशिक्षण आणि शाळेची मदत हवीच. काही मुलांना औषधही लागतं. मिथाइलफेनिडेट हे त्यातलं नेहमीचं. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतं, कुणाच्या सांगण्यावरून सुरू किंवा बंद करायचं नाही. त्याने काही मुलांची भूक कमी होते, झोप लांबते. ज्याचं वजन आधीच कमी आहे अशा सिलिअॅकच्या मुलाला हे जपावं लागतं. म्हणून डॉक्टरांना दोन्ही आजार सांगा. सकाळी पोटभर खाऊ घालून मग गोळी द्या, आणि औषधाचा असर उतरल्यावर संध्याकाळी पुन्हा चांगलं जेवण द्या. दर महिन्याला वजन आणि दर तीन महिन्यांनी उंची वहीत लिहा. रक्तदाब आणि नाडी डॉक्टर पाहतील. कोणतीही गोळी घेताना तिच्यात गव्हाचा स्टार्च आहे का, हे औषध दुकानदाराला विचारा.

सिलिअॅकसाठी टीटीजीची तपासणी साधारण सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षाला एकदा करतात. आकडा उतरला नाही तर कुठून तरी ग्लूटेन जात आहे. तेव्हा दोष शोधायचा तो चाळणीत आणि हिंगाच्या डबीत, मुलात नाही.

शाळा, रेशन आणि विहार

शाळेला एक पानी अर्ज द्या, सोबत डॉक्टरांच्या कागदाची झेरॉक्स. पहिल्या बाकावर जागा, डब्याची अदलाबदल नको, शौचाला जायला अडवू नका, ही विनंती स्पष्ट लिहा. पोच घ्या. वाढदिवसाच्या खाऊच्या दिवशी त्याला एकटं वाटू नये म्हणून चिक्कीचा एक डबा बाईंकडे ठेवा. अशा अनेक मुलांना वाचन-लेखनाची विशिष्ट अडचणही असते. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ती येते, म्हणून तीही तपासून घ्या.

रेशनचा प्रश्न आपण सगळ्यांनी मिळून हाती घ्यायला हवा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ, गहू आणि भरड धान्य, तिन्हींचा उल्लेख आहे. सिलिअॅकच्या रुग्णाला त्याच्या वाट्याच्या गव्हाऐवजी तांदूळ किंवा ज्वारी मिळावी, अशी मागणी डॉक्टरांच्या कागदासह शिधावाटप कार्यालयात लेखी करा. एकट्याचा अर्ज फाइलमध्ये झोपतो. विहाराच्या लेटरहेडवर दहा घरांनी सह्या केल्या तर तो उठून बसतो.

आणि आता विहार. बुद्धपौर्णिमेची खीर तांदळाची केली तर हे मूल सगळ्यांबरोबर खाईल. शेवयांची केली तर ते बाजूला उभं राहील. जयंतीच्या जेवणात एक पातेलं भात-वरणाचं, बिनहिंगाचं आणि वेगळ्या पळीचं ठेवलं तर किती खर्च येतो? आणि वंदनेच्या वेळी ते चुळबुळलं तर डोळे वटारू नका. त्याला मेणबत्त्या लावायचं, फुलं वाटायचं काम द्या. आनापान थोडं थोडं शिकवा, पण ते औषधाऐवजी नाही आणि शिक्षा म्हणून तर नाहीच.

विनयात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता, आणि कुणी त्याच्याकडे पाहत नव्हतं. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून नीट निजवलं. मग संघाला विचारलं की तुम्ही एकमेकांना पाहिलं नाही तर कोण पाहणार? आपली वस्ती हाच आपला संघ.

ताईंचा मुलगा आता पाचवीत आहे. वही अजून हरवतो. पण मागच्या पौर्णिमेला कुणीतरी त्याच्या हातात केक दिला, तेव्हा तो धावत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सिस्टर, ह्याला हिरवी पट्टी आहे का?"

महिला मंडळात चर्चेसाठी

१. आपल्या वस्तीत लोहाचं औषध देऊनही रक्त न वाढणारी मुलं किती आहेत? त्यांची यादी करून तपासणीला कोण घेऊन जाईल?
२. "ढ" किंवा "मस्तीखोर" म्हणून शाळा सुटलेलं मूल आपल्या गल्लीत आहे का?
३. पुढच्या भोजनदानात वेगळ्या पातेल्याची जबाबदारी कुणाची?
४. रेशनच्या अर्जावर सह्या कधी गोळा करायच्या?

सबका मंगल हो. जय भीम!